तार तुटल्यावर कोणी कोणाला हाक मारायची?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमच्या तेथील कार्यालयाच्या तळमजल्यावरचे दोन्ही सर्व्हर रॅकसकट बुडाले. माहितीचा बॅकअप रत्नागिरीत सुखरूप होता, त्यामुळे हिशेबाचा एक आकडाही गेला नाही. तरीही नव्या यंत्रांवर पूर्वीचीच व्यवस्था पुन्हा उभी करायला आम्हाला अकरा दिवस लागले, कारण कोणते पॅकेज, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, कोणत्या आवृत्तीचे होते, फायरवॉलमध्ये कोणती पोर्टे, म्हणजे संपर्काची क्रमांकित दारे, उघडी ठेवली होती आणि रात्रीची कोणती कामे किती वाजता लावली होती, यातले काहीच कोठे लिहून ठेवलेले नव्हते. ज्या सहकाऱ्याने ते सारे केले होते तो दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून पुण्याला गेला होता, आणि तो बिचारा रोज संध्याकाळी फोनवर आठवेल तेवढे सांगत असे.

सर्व्हरची मांडणी लेखी स्वरूपात ठेवणारे आणि त्या लेखावरून यंत्र आपोआप घडवणारे एखादे साधन घ्यावे, हा विचार त्या अकरा दिवसांत पक्का झाला असला, तरी प्रत्यक्ष निवडीला २०२४ साल उजाडले. निमित्त झाले आमच्या सर्व्हरांवरच्या सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचे. त्याचा आधार ३० जून २०२४ रोजी संपणार होता आणि एवीतेवी सगळी यंत्रे नव्याने बसवायचीच होती. आमची कंपनी काजू आणि आंबा प्रक्रियेची, जोडीला मालवणात मासळीचे शीतगृह. रत्नागिरीच्या मुख्यालयाखेरीज दापोली, चिपळूण, राजापूर, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले अशा सहा ठिकाणी मिळून १८ यंत्रे होती आणि आणखी १३ अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये क्लाउडवर होती. हे सारे सांभाळायला आम्ही तिघे. एप्रिल आणि मे हे आंब्याचे महिने असल्याने त्या काळात कोणत्याही यंत्राला हात लावायचा नाही हा आमचा जुना दंडक आहे. म्हणून चाचण्या जूनमध्ये, म्हणजे नेमक्या पावसाच्या तोंडावर सुरू झाल्या, आणि त्याचा पुढे फायदाच झाला.

सुरुवात मी सगळेच करतात तशी केली. एका तक्त्यात डावीकडे वैशिष्ट्ये आणि वरच्या ओळीत साधनांची नावे लिहून बरोबरच्या खुणा भरल्या. तेवीस ओळी भरून झाल्यावर लक्षात आले की जवळपास सगळ्या चौकटींत खूण आहे. सगळीच साधने पॅकेज बसवतात, फायली पोहोचवतात, सेवा चालू ठेवतात आणि सगळ्यांचे म्हणणे असते की आम्ही हजारो यंत्रे सांभाळतो. आमची यंत्रे एकतीस. हजारोंचा प्रश्न आमच्यापुढे कधी येणारच नव्हता.

त्याच सुमारास एका विक्रेत्याने आपला सशुल्क संच दाखवायला माणसे पाठवली. पडदा देखणा होता, सगळे दिवे हिरवे होते आणि दर प्रत्येक सर्व्हरमागे वर्षाला आकारला जाणार होता. मी त्यांना एवढेच म्हटले की काम चालू असताना मध्येच ही नेटवर्कची तार काढून पाहू. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, "सर, अखंड नेटवर्क ही आमची पूर्वअट आहे." मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात जेसीबीचा दात फायबरला किती वेळा लागतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या पूर्वअटीवर हसावे की रडावे ते कळणार नाही. त्या बैठकीतून मला एक गोष्ट मात्र मिळाली. तेवीस ओळींचा तक्ता मी बाजूला ठेवला आणि दोनच प्रश्न लिहिले. पहिला, संपर्क कोण सुरू करतो, मुख्यालय की शाखा? दुसरा, काम अर्ध्यावर असताना तार तुटली तर यंत्र कोणत्या अवस्थेत राहते?

पहिला प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आमच्या शाखांमध्ये फायबर तुटले की फोर-जी राउटर आपोआप ताबा घेतो, पण मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देत असल्यामुळे बाहेरून त्या राउटरपर्यंत पोहोचता येत नाही. शाखा बाहेर हाक मारू शकते, मुख्यालय आत मारू शकत नाही. यावर उपाय म्हणून आम्ही वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खासगी सुरक्षित जोड, शाखेकडूनच उघडतो आणि तो मिटू नये म्हणून शाखा दर २५ सेकंदांनी एक छोटे पाकीट पाठवत राहते. तरीही कड्याकपारीतल्या सिग्नलवर हा बोगदा दिवसातून चारदोन वेळा कोसळतोच.

चाचणीसाठी चार जुनी यंत्रे बाजूला काढली. दोन रत्नागिरीत टेबलावर, एक देवगडला आणि एक मालवणला.

पहिली पाळी अ‍ॅन्सिबलची होती. हे साधन २०१२ साली आले आणि २०१५ मध्ये रेड हॅटने ते विकत घेतले. याचे मोठे आकर्षण असे की सांभाळायच्या यंत्रावर वेगळा एजंट, म्हणजे सतत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम, बसवावा लागत नाही. दुरून यंत्रावर काम करू देणारी एसएसएच ही सोय आणि पायथन ही भाषा असली की पुरते. काय हवे ते यामल भाषेतल्या प्लेबुक नावाच्या फाइलीत लिहायचे, आणि ती भाषा इतकी साधी आहे की संगणकाचा फारसा परिचय नसलेला माणूसही अंदाजाने वाचू शकतो. पण पहिल्याच दिवशी आम्ही आपटलो. मुख्य यंत्रावर उत्साहाने सर्वांत नवी आवृत्ती, अ‍ॅन्सिबल-कोअर २.१७, बसवली होती, आणि तिने सांभाळायच्या यंत्रांवरील पायथन २.७ आणि ३.६ चा आधार काढून टाकलेला होता. सेंटओएस ७ वर मूळचा पायथन २.७ च असतो. म्हणजे ज्या जुन्या यंत्रांचे स्थलांतर करण्यासाठी हे साधन आणले, त्यांच्याशीच ते बोलेना. २.१६ वर मागे गेल्यावर गाडी रुळावर आली.

मग तार काढण्याची परीक्षा. देवगडच्या यंत्रावर पॅकेजे अद्ययावत करणारे प्लेबुक चालू असताना फोन करून तेथील मुलाला केबल काढायला सांगितली. रत्नागिरीच्या पडद्यावर थोड्या वेळाने यंत्र अप्राप्य असल्याची लाल ओळ आली. दहा मिनिटांनी केबल परत लावून पाहिले, तर एसएसएचचे सत्र तुटल्याबरोबर पॅकेजचे कामही मध्येच मेले होते आणि एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या नोंदवहीत राहिल्या होत्या. हे निस्तरायला अर्धा दिवस गेला. लांबणारी कामे संपर्कापासून सुटी करून पार्श्वभूमीवर चालवण्याची सोय अ‍ॅन्सिबलमध्ये आहे, पण ती मुद्दाम लिहावी लागते, आणि ती लिहायला हवी हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

दुसरी गंमत त्याच रात्री उघडकीस आली. प्लेबुक कितीही वेळा चालवले तरी परिणाम एकच राहिला पाहिजे, हे या सगळ्या साधनांचे मूळ तत्त्व आहे. मात्र ते तत्त्व साधनाच्या ठरीव मॉड्यूलपुरतेच, म्हणजे त्यातल्या तयार कामांपुरतेच, पाळले जाते. माझ्या सहकाऱ्याने रात्री अकराच्या बॅकअपची ओळ, ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनच्या फाइलीच्या शेवटी शेल कमांडने, म्हणजे यंत्राला थेट आज्ञा देऊन, जोडली होती. केबलच्या खेळात प्लेबुक तीनदा चालले, फाइलीत तीच ओळ तीनदा उमटली, आणि अकरा वाजता तीन बॅकअप एकाच फाइलीवर तुटून पडले. क्रॉनसाठी असलेले मॉड्यूल वापरले असते तर हे घडले नसते. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की प्लेबुकमध्ये शेल कमांड दिसली तर ती का, हे शेजारी मराठीत लिहायचे.

पपेटचा अनुभव अगदी उलट्या स्वभावाचा होता. हे साधन २००५ चे, म्हणजे या मंडळींत वडीलधारे, आणि २०२२ पासून ते परफोर्स या कंपनीकडे आहे. प्रत्येक यंत्रावर एजंट बसतो, तो दर तीस मिनिटांनी मुख्य सर्व्हरच्या ८१४० क्रमांकाच्या पोर्टवर स्वतः हाक मारतो, आपल्या वाट्याचा कॅटलॉग, म्हणजे यंत्र कसे असावे याची यादी, घेतो आणि त्याप्रमाणे यंत्र जुळवून घेतो. म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआपच हवे तसे मिळाले. दुसऱ्याचेही मिळाले, कारण कॅटलॉग एकदा हातात आला की तार तुटली तरी एजंट आपले काम पुढे नेतो, आणि पुढच्या वेळी मुख्य सर्व्हर सापडला नाही तर जवळच्या जुन्या कॅटलॉगवर निभावून नेतो. देवगडला केबल तासभर काढून ठेवली, दरम्यान एक फाइल मुद्दाम बिघडवली, आणि एजंटने ती कोणाला न विचारता पूर्ववत केली. त्या दिवशी मी जवळजवळ पपेटच्या बाजूने निर्णय केला होता.

तो बदलला मालवणने. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेथे रात्रभर वीज नव्हती. यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडला, सकाळी वीज आली आणि तो सुरूही झाला. तीन दिवसांनी शीतगृहाचे वीजकाम पाहणाऱ्या काकांचा फोन आला, "साहेब, लाईट इली तेव्हापासून ह्या मशीन २०१५ साल दाखवता." मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे वीज जाताच यंत्राचे घड्याळ मूळपदावर गेले होते. पपेटचे सारे संभाषण ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांवर चालते, आणि २०१५ मध्ये असलेल्या यंत्राच्या दृष्टीने जून २०२४ चे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नव्हते. एजंटने मुख्य सर्व्हरला नाकारले आणि आपल्या गुणी स्वभावाप्रमाणे जुन्या कॅटलॉगवर काम चालू ठेवले. घड्याळ जुळवणारे क्रॉनी मी नव्या कॅटलॉगमध्ये घातले होते, पण तो कॅटलॉग मिळायला आधी घड्याळ बरोबर हवे होते. तार तुटली तरी न थांबण्याच्या ज्या गुणावर मी भाळलो होतो, त्यानेच बिघाड तीन दिवस झाकून ठेवला. अहवाल पाहण्याची व्यवस्था आम्ही उभारली नव्हती हा दोष आमचाच, हे मान्य करतो. शिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारकच आहे, तेव्हा क्रॉनी पहिल्याच दिवशी बसवायला हवे होते. त्या आठवड्यात आम्ही अठराही यंत्रांच्या बॅटऱ्या बदलल्या.

पपेट मागे पडण्याचे खरे कारण मात्र त्याची भाषा ठरली. ती स्वतंत्र, नीटनेटकी आणि मला वैयक्तिकरीत्या आवडलेली आहे. पण गणपतीत आमच्यापैकी दोघे आपापल्या गावी असतात आणि एखादी शाखा अडली तर तेथल्या माणसाला फाइल उघडून काय लिहिले आहे ते वाचता आले पाहिजे. सावंतवाडीच्या माझ्या सहकाऱ्याने वेंगुर्ल्याच्या लेखनिकाला एकाच कामाची दोन्ही रूपे दाखवली. यामलमधले त्याने वाचून दाखवले, पपेटमधले नाही. चाचणी शास्त्रीय नव्हती, पण आमच्या कामाची होती.

शेफ हे तिसरे साधन आम्ही दोन दिवसांत बाजूला ठेवले. त्याला लागणाऱ्या रूबी भाषेत लिहिणारा तिघांत कोणी नव्हता आणि त्यासाठी माणूस रत्नागिरीत मिळवून टिकवणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते.

सॉल्ट या चौथ्या साधनाने मात्र मोहात पाडले. यातले मिनियन, म्हणजे यंत्रांवरचे एजंट, मुख्य सर्व्हरशी ४५०५ आणि ४५०६ या पोर्टांवर स्वतःहून जोडलेले राहतात, म्हणून सर्व यंत्रांना एकदम प्रश्न विचारला की उत्तरे दोनेक सेकंदांत येऊन पडतात. अ‍ॅन्सिबल मुळात एका वेळी पाचच यंत्रांशी बोलते, हा आकडा वाढवता येतो, तरी सॉल्टच्या वेगाची सर त्याला येत नाही. तार तुटली तरी मिनियन हाती घेतलेले काम संपवतो आणि उत्तर नंतरही शोधता येते. मग घेतले का नाही? एक तर मे २०२० मध्ये सॉल्टच्या मुख्य सर्व्हरमधील प्रमाणीकरणाच्या त्रुटीतून इंटरनेटवर उघडे असलेले अनेक सर्व्हर फोडले गेले होते. ती त्रुटी तेव्हाच दुरुस्त झाली आणि दोष पोर्टे उघडी ठेवणाऱ्यांचाही होता, पण संचालकांना मी हे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून पुढचे कळले. दुसरे म्हणजे सॉल्टची कंपनी २०२० मध्ये व्हीएमवेअरकडे आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे गेली. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरचे कायमस्वरूपी परवाने बंद झाल्याची झळ आम्ही तेव्हा सोसतच होतो.

क्लाउडवरच्या तेरा यंत्रांचा प्रश्न वेगळा होता, कारण तेथे यंत्रच मागवायचे असते. लेखी वर्णनावरून क्लाउडवर यंत्रे उभारणाऱ्या टेराफॉर्मला या कामात तोड नाही. टेराफॉर्म घर बांधते, अ‍ॅन्सिबल त्यात संसार मांडते, असे मी संचालकांना सांगितले आणि ते त्यांना लगेच पटले. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने टेराफॉर्मचा परवाना बदलला आणि त्यातून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू ही फांदी, म्हणजे त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प, फुटली. आम्ही स्वतःपुरते वापरणारे, त्यामुळे नव्या परवान्याने आमचे काही अडत नव्हते. निवड झाली ती वेगळ्याच कारणाने. ही साधने आपण काय काय उभारले याची नोंद स्टेट फाइलीत ठेवतात आणि त्या फाइलीत डेटाबेसचे पासवर्डसुद्धा उघडे दिसतात. एके संध्याकाळी ती फाइल सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये उघडून पाहिली आणि पासवर्ड समोर दिसला, तेव्हा घाम फुटला. २०२४ च्या वसंतात आलेल्या ओपनटोफू १.७ मध्ये ही फाइल कूटबद्ध करण्याची सोय होती. आम्ही ते घेतले, फाइल लॅपटॉपवरून हलवून जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या क्लाउडवरच्या साठ्यात ठेवली.

याच साधनाने एकदा काळजाचा ठोका चुकवला. डेटाबेसच्या यंत्रासाठी नवी मूळ प्रतिमा, म्हणजे यंत्र ज्यावरून घडते तो साचा, लिहिली आणि काय बदलणार याचा आराखडा मागवला. शेवटच्या ओळीत एक निर्माण होणार आणि एक नष्ट होणार असे होते. मूळ प्रतिमा बदलली की यंत्र दुरुस्त होत नाही, जुने पाडून नवे उभे राहते. आराखडा न वाचता होकार दिला असता तर चालता डेटाबेस गेला असता. त्या यंत्रावर आता नष्ट करण्यास मनाई असल्याची ओळ आहे, आणि आराखडा दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय होकार द्यायचा नाही असे ठरले आहे.

शेवटी क्लाउडसाठी ओपनटोफू आणि सर्वत्र अ‍ॅन्सिबल असे ठरले, मात्र शाखांवर अ‍ॅन्सिबल उलटे चालवायचे. अ‍ॅन्सिबल-पुल नावाची एक सोय त्यातच आहे. प्रत्येक यंत्र ठरावीक वेळी आमच्या गिट भांडारातून, म्हणजे फायलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यातून, प्लेबुक स्वतः ओढून घेते आणि स्वतःवरच चालवते. एसएसएचचे सत्र मध्ये नाही, म्हणून तार तुटल्यावर काम मरत नाही. यात एक बारकावा आहे. भांडार सापडले नाही तर अ‍ॅन्सिबल-पुल मुकाट थांबते, आणि जवळच्या जुन्या प्रतीवर तरी चालव असे त्याला फोर्सचा पर्याय देऊन सांगावे लागते. पपेटने जे आपणहून दिले ते येथे एका शब्दाने मिळाले.

याची किंमतही आहे. गुप्त माहितीची किल्ली आता प्रत्येक शाखेत ठेवावी लागते, म्हणून प्रत्येक शाखेची तिजोरी वेगळी केली, जेणेकरून एक यंत्र चोरीला गेले तरी बाकीच्यांचे गुपित उघडे पडू नये. दुसरी किंमत राजापूरने दाखवली. तेथील डिस्क भरल्याने अ‍ॅन्सिबल-पुल बारा दिवस चाललेच नव्हते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, कारण जे घडत नाही त्याची लाल ओळ कोठेच उमटत नाही. मालवणचा धडा दुसऱ्यांदा गिरवावा लागला. आता प्रत्येक यंत्र काम संपले की यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या झॅबिक्स या साधनाला एक आकडा पाठवते आणि सहा तासांत तो आला नाही की माझा फोन वाजतो. झॅबिक्सचे प्रॉक्सी, म्हणजे त्याचे मधले मदतनीस, आम्ही शाखांमध्ये ठेवले आहेत. तार नसताना ते मोजमापे जपून ठेवतात, पण मुळात एकच तास, आणि आमच्याकडचा एक तास म्हणजे जेसीबीवाल्याची चहाची सुट्टी. ती मुदत आम्ही ७२ तास केली. त्याच कामाचे प्रोमेथियसही पाहिले होते, पण ते मध्यभागातून यंत्रांकडे मोजमाप मागायला जाते, आणि तार नसली की आलेखात तेवढी भगदाडे कायमची राहतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पपेटच्या तयार पॅकेजांवर नवे निर्बंध येणार असल्याचे जाहीर झाले आणि त्यातून ओपनव्हॉक्स ही फांदी निघाली, तेव्हा सहकाऱ्यांनी माझ्या दूरदृष्टीचे कौतुक केले. त्यात दूरदृष्टी काही नव्हती. वेंगुर्ल्याच्या लेखनिकाला यामल वाचता आले, एवढेच.

चिपळूणचे यंत्र आता पहिल्या मजल्यावर आहे. गेल्या पावसाळ्याआधी आम्ही तेथे मुद्दाम कोरी डिस्क घालून पाहिली. सेंटओएसच्या जागी घेतलेली अल्मालिनक्स ही प्रणाली बसवण्यापासून बॅकअपमधून माहिती परत येईपर्यंत चार तास दहा मिनिटे लागली, त्यातले तीन तास माहिती उतरण्यातच गेले. टॅलीची चार विंडोज यंत्रे मात्र अजून हातानेच सांभाळतो. विंडोजवर अ‍ॅन्सिबल-पुल चालत नाही, आणि रत्नागिरीतून त्यांच्याशी बोलावे तर एका यंत्रावरून दुसऱ्यावरच्या सामायिक फोल्डरपर्यंत पोहोचताना ओळखपत्र वाटेतच गळते. त्यांची मांडणी तूर्त एका वहीत लिहिली आहे आणि वहीची छायाप्रत दापोलीच्या कपाटात ठेवली आहे.